मुलीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी? (वय १२, पांढऱ्या शेपटीचे हरीण, विस्कॉन्सिन)

वनवाट
नमस्कार. आम्ही विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला, ला क्रॉसजवळच्या डोंगराळ भागात राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी येथे बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि त्या दिवसांत दुकानात, शाळेत, पेट्रोल पंपावर दुसरा विषय नसतो. आमच्या घरात शिकारीची परंपरा अजिबात नाही. माझा बंदुकीशी संबंध कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पालथे पडून मारलेल्या पॉइंट टू-टूच्या (.२२) पाच-पाच गोळ्यांपुरताच होता. मात्र शेजारच्या शेतावरचे आजोबा गेली तीन वर्षे मुलीला सोबत मचाणावर नेत आहेत. तिने गेल्या वसंतात शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवले, आणि आता ऑक्टोबरमधल्या दोन दिवसांच्या बालशिकारीत, जी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते, तिला स्वतः नेम धरायचा आहे.

मुलीची उंची चार फूट नऊ इंच आणि वजन साधारण छत्तीस किलो आहे. ज्या जागी ती बसणार आहे तेथून मक्याच्या शेताची कड ऐंशी यार्डांवर आहे, आणि सर्वांत लांबचा बार दीडशे यार्डांच्या पुढे जाण्याची शक्यता नाही. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीसह आठशे डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानात गेलो तेव्हा तिघांनी तीन काडतुसे सुचवली: .२४३ विंचेस्टर, ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर. चौथ्याने तर थेट .३०-०६ हातात दिली आणि "मुलगी मोठी होणारच आहे, एकदाच घ्या" असा सल्ला दिला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कोलंबसवासी
चौथ्या गृहस्थांचा सल्ला सर्वांत आधी बाजूला ठेवा. मुलाच्या पायाला चप्पल घेताना आपण "पाय वाढणारच आहे" म्हणून एखादा अंक मोठा घेतो, पण बापाच्या मापाची घेत नाही.

मी ओहायोतला असल्याने माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्याकडे बाटलीसारखी मान असलेल्या काडतुसांच्या रायफलींना हरणासाठी परवानगी नाही. पूर्वी शॉटगनच्या एकसंध गोळीवरच भागवावे लागे, आणि बारा गेजची ती गोळी लहान मुलाच्या खांद्याला असा दणका देते की तो पुढच्या वर्षी यायचे नावच काढत नाही. माझ्या थोरल्याचे नेमके असेच झाले. २०१४ पासून येथे सरळ भिंतीची, म्हणजे मान न आवळलेली, काडतुसे चालतात आणि २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड आणल्यापासून धाकट्यांचा प्रश्न पुष्कळसा सुटला. धक्का .२४३च्या जवळपासच आहे आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणासाठी ते पुरेसे आहे.

तुमच्याकडे असे बंधन नाही. विस्कॉन्सिनमध्ये .२२ किंवा त्याहून मोठ्या व्यासाची कोणतीही सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करून बार काढणारी) रायफल हरणासाठी चालते, त्यामुळे .३५० लेजंड घेण्याची तुम्हाला सक्ती नाही. तरी अंतर एवढे कमी असल्याने तिचा विचार अवश्य करावा. हा धागा इतर राज्यांतले पालकही वाचतील, म्हणून सांगून ठेवतो की रायफल पसंत करण्यापूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून काडतुसांविषयीचे पान वाचावे.

निवृत्त_सुभेदार
मी शिकारी नाही. नोकरीत असताना अनेक वर्षे रंगरूटांना नेमबाजी शिकवली आणि आता मुलाकडे न्यू जर्सीला असतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

काडतुसाची चर्चा नंतर करा. पहिला प्रश्न दस्त्याच्या लांबीचा आहे. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. मुलीला कोपर काटकोनात दुमडायला सांगा, दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या खळग्यात टेकवा आणि पाहा, की तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते का. ते पोहोचत नसेल तर मूल मान पुढे ताणते, दस्ता खांद्याच्या खोबणीतून निसटून दंडावर येतो, आणि मग हलके काडतूससुद्धा दंड काळानिळा करते. चार फूट नऊ इंचांच्या मुलीला बारा ते साडेबारा इंचांचा दस्ता लागेल असा माझा अंदाज आहे. माप घेताना तिला नोव्हेंबरात घालायचे जाड जाकीट घालायला लावा, कारण टी-शर्टवर घेतलेले माप थंडीत अर्ध्या-पाऊण इंचाने चुकते.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉइंट टू-टू. हरणाची रायफल आज घेतलीत तरी पहिले दोन महिने ती कपाटातच राहू द्या आणि मुलीकडून पॉइंट टू-टूच्या पाचशे गोळ्या मारून घ्या. श्वास अर्धा सोडून थांबणे, चाप झटका न देता दाबत जाणे, बार झाल्यावरही डोळा न हलवता नेमावर राहणे, हे सगळे त्या लहान काडतुसावरच अंगी मुरते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच पॉइंट टू-टू काडतुसावर. त्यामुळे "ती लहान मुलांची बंदूक आहे" असे कोणी म्हणाले तर ऐकून सोडून द्या.

मुलीचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा डोळा, कोणता आहे, हे तपासले आहे का?

वनवाट
सुभेदारसाहेब, मनापासून आभार. शनिवारी आपण सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले आणि दोन गोष्टी उघड झाल्या, त्यातली पहिली लिहिताना मला थोडी लाज वाटते.

ऑगस्टमध्ये आजोबांनी तिला त्यांच्या .३०-०६ ने एक बार काढू दिला होता. ती काही बोलली नाही, हसली, आणि आम्हाला वाटले की जमले. शनिवारी आजोबांनी आपली जुनी .२४३ आणली आणि एक युक्ती केली: काडतूस ते स्वतः भरत, मुलीला पाठ फिरवायला सांगत, आणि पाचांपैकी दोनदा खऱ्या काडतुसाऐवजी सरावाचे पोकळ काडतूस घालत. तिसऱ्या वेळी पोकळ काडतूस होते. तिने चाप दाबला, 'टिक' एवढाच आवाज आला, पण नळीचे तोंड चांगले तीन-चार इंच खाली गेले होते आणि तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. आवाज झालाच नाही हे कळायला तिला क्षणभर लागला. मग ती माझ्याकडे पाहून रडवेली झाली. आजोबा फक्त "आज एवढेच" म्हणाले आणि रायफल गुंडाळून ठेवली.

दुसरी गोष्ट अशी, की ती उजव्या हाताने लिहिते, पण दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून दूरच्या खांबाकडे पाहायला सांगितले तर खांब डाव्या डोळ्यात राहतो. आता डाव्या हाताची रायफल शोधावी काय?

काडतूसवही
मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरतो, म्हणून काडतुसांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तुम्हाला सुचवलेल्या तिघांपैकी दोन सख्खी भावंडे आहेत. १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर आले. त्याच कोठीची (काडतुसाच्या पितळी नळीची) मान आवळून १९५५ मध्ये .२४३ केले गेले, आणि तीच मान थोडी कमी आवळून १९८० मध्ये रेमिंग्टनने ७ एमएम-०८ बाजारात आणले. कोठी सारखीच असल्याने त्यांना रायफलीही एकाच आकाराच्या लागतात. फरक गोळीचा व्यास, वजन आणि त्यामुळे खांद्यावर येणाऱ्या धक्क्याचा आहे. ६.५ क्रीडमूर हे हॉर्नडीचे २००७ सालचे अपत्य आहे आणि ते मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी घडवले होते.

सात-साडेसात पौंडांच्या रायफलीत १०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे माप) गोळीसह .२४३ चा धक्का साधारण दहा फूट-पौंड भरतो, ६.५ क्रीडमूरचा बारा-तेरा, १४० ग्रेनच्या ७ एमएम-०८ चा तेरा-चौदा, .३०८ चा सतराच्या आसपास आणि .३०-०६ चा वीस. काडतुसागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम बदलत नाही. म्हणजे तुमच्या मुलीने आयुष्यातला पहिला मोठा बार तिला आत्ता पेलण्यासारख्या धक्क्याच्या दुपटीने काढला. ती डोळे मिटते यात तिचा दोष नाही.

आता एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली आखूड आणि हलक्या असतात, आणि रायफल जितकी हलकी तितका तेच काडतूस अधिक जोराने मागे ढकलते. सहा पौंडांची रायफल दुकानात मुलाच्या हातात शोभून दिसते. खांद्यावर मात्र साडेसात पौंडांचीच सुखाची वाटते. तुमची मुलगी मैलोन्मैल चालणार नाही, मचाणात किंवा खोपटात बसून कठड्यावर रायफल टेकवणार आहे, तेव्हा दुर्बिणीसह साडेसात पौंड वजन हे तिच्या पथ्यावरच पडेल. आखूड नळीचा आवाजही अधिक बोचतो. तोंडाला दणकारोधक बसवलेल्या रायफलीच्या वाटेला तर जाऊच नका; धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो आणि मुले धक्क्यापेक्षा आवाजाला जास्त दचकतात. रायफलीचा बार १५० डेसिबलच्या वर असतो. सरावात कानात बोळे आणि वरून कर्णकवच, असे दोन्ही घालावे.

.२४३ वर नेहमीचा आक्षेप असा, की गोळी लहान असल्याने चुकीला वाव राहत नाही. हा आक्षेप निराधार नाही. त्याच काडतुसात ५५-५८ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्यांसारख्या लहान प्राण्यांसाठी असतात आणि हरणाच्या फऱ्याला (पुढच्या पायावरच्या खांद्याला) लागल्या तर वरच्यावर फुटून जनावर नुसते जखमी करतात. हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची, हरणासाठीच बनवलेली गोळी घ्यावी. ती फऱ्यामागे, फुप्फुसांत बसली तर पांढऱ्या शेपटीचे हरीण फार लांब जात नाही. मी स्वतः .२४३ किंवा कमी धक्क्याची काडतुसे घालून ७ एमएम-०८ यांतून निवड करीन. हॉर्नडीची 'कस्टम लाइट' मालिका याच कामासाठी आहे, आणि दोन वर्षांनी मूल वाढले की त्याच रायफलीत पूर्ण ताकदीची काडतुसे चालतात.

पुणेरी_पाहुणा
धागा रस घेऊन वाचत आहे. भारतात असे काही शिकता येईल का?

कोलंबसवासी
शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. कागदी लक्ष्यावरची नेमबाजी मात्र पुण्यात बालेवाडीलाच शिकता येईल.

हिलकंट्री
टेक्सासमधून एक गमतीची गोष्ट. आमच्याकडे माझ्या मुलाने पहिले हरीण मारले ते चितळ होते, आपल्या ताडोबा-मेळघाटातले ठिपक्यांचे चितळ. १९३२ मध्ये ते येथे आणले गेले, खाजगी कुरणांतून सुटून त्याचे कळप झाले, आणि परदेशी प्राणी म्हणून त्याच्या शिकारीला बंदीचा हंगामच नाही. ताडोबात जिप्सीत बसून ज्याच्याकडे कौतुकाने बघायचे, त्याच्यावर मुलाला नेम धरायला सांगताना मला पहिल्या दिवशी बोलवेना, हे खरे.

मुद्द्याचे सांगायचे ते दुर्बिणीविषयी. माझ्या मुलाच्या भुवईवर आजही अर्धचंद्राची खूण आहे. रायफल मी स्वतःच्या मापाने जुळवली होती; त्याने मान पुढे ताणून डोळा काचेजवळ नेला, आणि बार होताच दुर्बिणीची कड कपाळात रुतली. डोळा आणि मागची काच यांच्यात साडेतीन ते चार इंच अंतर राहिले पाहिजे आणि ते तिच्या मानेच्या बैठकीप्रमाणे राहिले पाहिजे. दस्ता आखूड केला की डोके आपोआप पुढे येते, म्हणून दुर्बीणही पुढे सरकवावी लागते. स्क्रू कसण्यापूर्वी मुलीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल दिसला तर जागा बरोबर, कडेला काळी कोर दिसली तर अजून हलवा.

दुर्बिणीची मोठे दाखवण्याची ताकद २ ते ७ किंवा ३ ते ९ पट पुष्कळ झाली, आणि हरणाची वाट पाहताना ती सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवायला शिकवा. नवव्या आकड्यावर ठेवलेल्या दुर्बिणीत ऐंशी यार्डांवरचे हरीण शोधताना मुलाला नुसते तपकिरी केस दिसतात आणि तोवर हरीण निघून जाते.

सुगरण_मिनेसोटा
आमच्या घरी मारतो नवरा आणि कापते मी, त्यामुळे गोळीचे पुढे काय होते हे मला ओट्यावर दिसते.

शिशाची गोळी हाडाला किंवा मांसाला लागून फुलते तेव्हा तिचे बारीक कण उडतात. २००८ मध्ये आमच्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने मेंढ्यांच्या धडांवर वेगवेगळ्या गोळ्या मारून पाहिल्या, तेव्हा झटकन फुलणाऱ्या गोळ्यांचे कण जखमेच्या मार्गापासून फूटभर अंतरापर्यंत सापडले. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखाली येतीलच असेही नाही. शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा वाढत्या मुलांना अधिक, आणि येथे तर मूलच मारणार आणि मूलच खाणार. म्हणून आम्ही तांब्याच्या एकसंध गोळीकडे वळलो. ती फुटत नाही, पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक वेळा आरपार जाते. कॅलिफोर्नियात तर २०१९ च्या जुलैपासून कोणत्याही शिकारीला शिसे चालत नाही.

तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून .२४३ मध्ये तांब्याची गोळी ८०-८५ ग्रेनची घेतात. काडतूसवही यांनी लहान गोळीविषयी दिलेला इशारा या गोळ्यांना लागू नाही, कारण या हलक्या असल्या तरी फुटणाऱ्या नाहीत. आणि हलकी गोळी म्हणजे धक्काही थोडा कमी, हा तुमच्या मुलीचा फायदा. फक्त प्रत्येक रायफलीची आवड वेगळी असते. दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी आणून शंभर यार्डांवर कोणती एका जागी बसते ते पाहा, आणि जी बसेल तिच्या चार-पाच पेट्या घेऊन ठेवा. हंगामाच्या तोंडावर .२४३ ची तांब्याची पेटी मिळत नाही.

नव्याने_आलेला
एक मूलभूत शंका. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला मुलासाठी रायफल विकत घेता येते का?

काडतूसवही
संघराज्याच्या कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारण बंदी आहे, आणि त्या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. परवाना असेल तर चालते. मात्र परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो आणि कपाटातली रायफल तशीच राहिली तर तो गुन्हा ठरतो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी असा हा प्रकार आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसाची गोष्ट असल्याने खरेदीपूर्वी वकिलाला विचाराच. त्याची फी रायफलीपेक्षा स्वस्त पडते.

परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू शकत नाही. आई किंवा वडील ती स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने घेऊन मुलाला भेट देऊ शकतात. दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणे मात्र गुन्हा आहे. वनवाट, शेजारच्या आजोबांनी पैसे देऊ केले तरी ही वाट धरू नका.

निवृत्त_सुभेदार
डोळ्याचा मुद्दा राहिला. माझे मत स्पष्ट आहे: वय बारा आहे, अजून सवय पक्की झालेली नाही, तेव्हा डाव्या खांद्यावर शिकवा. आम्ही ज्या रंगरूटांचे खांदे पहिल्याच आठवड्यात बदलले ते पुढे चांगले नेमबाज झाले, ज्यांचे बदलले नाहीत ते कायम झगडत राहिले.

कोलंबसवासी
सुभेदारसाहेब, उघड्या माशी-पाकळीवर, म्हणजे दुर्बिणीविना नळीवरच्या नेमखुणांवर, आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे, कारण तेथे दोन्ही डोळ्यांचे भांडण होते. दुर्बिणीत मात्र चित्र एकाच डोळ्याला दिसते. माझ्या धाकट्यालाही हाच प्रश्न होता. गॉगलच्या डाव्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा रुपयाएवढा तुकडा लावला आणि काम झाले. डाव्या हाताच्या रायफली मिळतात, पण आखूड दस्त्याच्या डावऱ्या रायफली शोधता शोधता हंगाम निघून जाईल.

निवृत्त_सुभेदार
दुर्बिणीपुरते मान्य. तरी दोन्ही खांद्यांवर पॉइंट टू-टूने पाच-पाच गोळ्या मारून घ्या आणि कागद समोरासमोर ठेवून पाहा. निर्णय कागदाला करू द्या.

वनवाट
सर्वांचे आभार. काय ठरले ते सांगतो.

डाव्या खांद्यावर तिच्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर बशीएवढ्या जागेत पडल्या, उजव्या खांद्यावर चिकटपट्टी लावून वाटीएवढ्या. कागदाने उजव्या खांद्याच्या बाजूने कौल दिला.

रायफल .२४३ मध्येच घेतली: मॉसबर्ग पेट्रियटची युथ सुपर बँटम. तिच्या दस्त्यात काढता-घालता येणारी चकती असते, त्यामुळे लांबी बारापासून तेरा इंचांपर्यंत बदलता येते. हिच्याबरोबर रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टही पाहिली होती, तिचा दस्ता साडेबारा इंचांचा आहे आणि चाप मला अधिक आवडला. पण मुलीने जाकीट घालून दोन्ही खांद्याला लावल्या आणि दुसऱ्यांदा मॉसबर्ग उचलल्यावर ती खाली ठेवायला तयार होईना. रायफल हलकी आहे, हा काडतूसवहींचा आक्षेप मान्य करून त्यांच्याच शब्दांखातर दस्त्याच्या पोकळीत छर्ऱ्यांची पिशवी कोंबली आणि वजन दुर्बिणीसह साडेसात पौंडांवर नेले. दुर्बीण ३ ते ९ ची, मध्यम किमतीची. आठशेच्या आत बसवायचे होते, काडतुसांच्या पेट्या धरून चाळीस डॉलर वर गेले.

सप्टेंबरभर फक्त पॉइंट टू-टू. जेवणाची कागदी ताटली साधारण हरणाच्या हृदय-फुप्फुसांच्या जागेएवढी असते, म्हणून आजोबांनी लक्ष्याऐवजी तीच लावली आणि नियम केला: बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने, तिन्ही प्रकारे पाचांपैकी पाच गोळ्या ताटलीत बसतील तेवढेच तिचे हरणासाठीचे अंतर. मोठ्या रायफलीने ते अंतर सध्या नव्वद यार्ड आहे. रायफलीची क्षमता याच्या तिप्पट आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. मधूनमधून पोकळ काडतुसाची युक्ती चालूच आहे. गेल्या रविवारी नळी हलली नाही.

काडतूसवही
छर्ऱ्यांची पिशवी घट्ट बसवा. बार होताच आत खुळखुळली तर हरीण आधी तिचाच आवाज ऐकेल.

वनवाट
बालशिकारीचा वृत्तान्त. शनिवारी सकाळी एक तरुण नर साठ यार्डांवर आला, पण समोरून तोंड करून उभा राहिला. मी श्वास रोखून बसलो होतो. ती कुजबुजली, "बाबा, फरा दिसत नाही," आणि सुरक्षेचा खटका लावलेलाच ठेवला. तो वळून गेला तो टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या रेषेवर उभा राहिला. तेथे तर मागे गोळी अडवायला काहीच नव्हते, म्हणून तोही बार सोडला. वर्गात त्यांना 'टॅब-के' म्हणून चार नियम घोकून घेतात, त्यातला तिसरा हाच, की लक्ष्य आणि लक्ष्याच्या पलीकडचे ठाऊक असले पाहिजे.

रविवारी संध्याकाळी कडेने एक मादी आली, आडवी, पंच्याहत्तर यार्डांवर. कठड्यावर रायफल टेकवून मुलीने इतका वेळ घेतला की मला वाटले तिने विचार बदलला. बार झाल्यावर ती नेमावरच राहिली, बोल्ट मागे-पुढे केला आणि मगच मान उचलली. मादी चाळीस पावलांवर मक्यात पडली. पोट साफ करताना मुलगी थोडा वेळ लांब जाऊन उभी राहिली, मग स्वतःहून येऊन हरणाचे पाय धरले. खांदा दुखला का, असे विचारले तर "धक्का बसला होता का?" असे उलट विचारले.

या भागात हरणांमध्ये दीर्घकालीन झीज रोग (सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) असल्याने डोके तपासणीच्या पेटीत टाकले आहे. विभाग तपासणी विनामूल्य करतो. निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या खणात ठेवले आहे.

सुगरण_मिनेसोटा
अभिनंदन, लेकीचे विशेष. निकाल चांगला आला, तर मागच्या पायाचे मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करा, पण मटणासारखे तासभर शिजवत ठेवू नका; चरबी नसते, दोरी होते. गोळी आरपार गेली होती का?

वनवाट
आरपार गेली. पलीकडच्या बाजूला सव्वा इंचाचे भोक होते आणि फऱ्याचे मांस जवळजवळ अखंड निघाले. निकाल काल आला, रोग आढळला नाही.

एक नवी अडचण आहे. नऊ दिवसांच्या हंगामासाठी काल तिला नारिंगी जाकीट घालून रायफल पुन्हा खांद्याला लावून पाहिली. जूनपासून ती दीड इंच वाढली आहे आणि बारा इंचांचा दस्ता आता नाकाजवळ अंगठा आणतो. चकती आत्ताच बसवावी, की शून्य जुळवलेली, म्हणजे गोळी नेमावरच पडेल अशी बसवलेली, दुर्बीण हंगामाच्या तोंडावर हलवू नये?

हिलकंट्री
चकती बसवा. दुर्बीण लगेच हलवू नका. आधी डोळे मिटून-उघडून पाहा. काळी कोर दिसली तरच मागे घ्या, आणि तसे केलेत तर शंभर यार्डांवर तीन गोळ्या पुन्हा माराव्याच लागतील.